डॉक्टरीणबाईंची दिवंगत मंडळी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बुटांच्या दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत खुर्ची, आणि खुर्चीसमोरच्या भिंतीवर ओळीने तीन विलायती गायकांचे फोटो : जिमी हेन्ड्रिक्स, फ्रेडी मर्क्युरी आणि डेव्हिड बोवी. नवा पेशंट खुर्चीत आडवा झाला की विचारायचा, "हे कोण?" बाई मास्क सारखा करत शांतपणे सांगायच्या, "गेले सगळे." ते ऐकून पेशंटचा चेहरा उतरायचा आणि मावशी कपाळाला हात लावायच्या. मावशी म्हणजे बाईंच्या मदतनीस. कापूस, पाण्याचा पेला आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरणं ही सगळी खाती त्यांच्याकडे होती. एका गृहस्थाने तर आडवळण न घेता विचारलं होतं, "सगळे याच खुर्चीत का?"

"फोटो तरी काढा, नाहीतर खाली लिहून लावा, की हे इथे वारलेले नाहीत," मावशी म्हणाल्या.

बाईंनी दोन्ही केलं नाही. ही मंडळी त्यांच्याकडे ताईकडून आली होती. ताई लग्न होऊन गेली तेव्हा कॅसेटींनी भरलेला खोका तिने धाकटीच्या पलंगाखाली सरकवला होता. "सासरी टेप नाहीये. तू सांभाळ," एवढंच म्हणाली. बाईंनी अभ्यास करता करता त्या कॅसेटी झिजवल्या. पुढे दातांच्या कॉलेजात गेल्या आणि डोक्यात गाणी नि दात यांची जी मिसळ झाली ती कायमची. एकेक गायक गेल्याची बातमी यायची, आणि बाईंना आधी त्याचे दात आठवायचे.

मग पेशंटच्या दाढेत यंत्र फिरवता फिरवता त्या सुरू व्हायच्या. हेन्ड्रिक्स दातांनी गिटार वाजवायचा, ते डॉक्टर म्हणून आपल्याला अजिबात मान्य नाही. मर्क्युरीच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते, पण आवाज बिघडेल या भीतीने त्याने ते कधी काढून घेतले नाहीत, आणि बरं केलं. बोवीने दात सरळ करून घेतले तर त्याच्या जुन्या भक्तांना वाकड्या दातांचीच आठवण यायची. पेशंटच्या तोंडात नळी आणि गालात कापूस. असा सज्जन श्रोता जगात कुठे मिळणार? घरी नवरा दुसऱ्या वाक्यालाच पेपर उघडायचा.

एकदा एक निवृत्त जज दाढ घेऊन आले. रूट कॅनॉल होतं. बाई नेहमीप्रमाणे रंगात आल्या. मध्येच जजसाहेबांनी बोट वर केलं आणि "आँ... आँ" असं काहीतरी म्हणाले.

"दुखतंय?"

जजसाहेबांनी मान हलवली. नाही.

"मग पटतंय," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आणि मावशी डबा खात होत्या, तेव्हा जजसाहेब हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, गालावरची सूज उतरलेली.

"दाढ दुखतेय का साहेब?" मावशींनी विचारलं.

"दाढ उत्तम आहे. मला बोलायचंय. काल मी इथे आडवा पडून पाऊण तास एकतर्फी सुनावणी ऐकली. नोकरीत मी असं कधी होऊ दिलं नाही."

बाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी हातानेच बसा म्हटलं. बाकड्यावर डबे मांडलेले, तेव्हा जजसाहेब उघड्या दारातून आत जाऊन पेशंटच्या खुर्चीतच बसले, ताठ.

"तुम्ही पुढे उभं राहणाऱ्यांबद्दल बोलता. मागे बसलेल्याचं काय? रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स घ्या. जवळजवळ साठ वर्षं मागे बसला. पुढे गायक थयथयाट करतोय आणि याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. व्यवस्थित सूट घालून आपलं काम करतोय. तो गेला तेव्हा माझ्या घरी कुणाला सांगणार? बायको म्हणाली, तुमच्या ओळखीचा होता का? मी म्हटलं, हो."

बाईंनी घास गिळला.

"तुम्ही वाजवता का?" बाईंनी विचारलं.

"कॉलेजात वाजवायचो. मग वडिलांनी ड्रम विकले आणि मला कायद्याला घातलं."

पुढच्या महिन्यात जजसाहेबांनी जुने ड्रम विकत घेतले. घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणजे बायकोने ठेवू दिले नाहीत. तेव्हा एका रविवारी ते ड्रम बाईंच्या बाहेरच्या खोलीत आले. जिन्यावरून चढवताना मोठा ड्रम दोनदा अडकला आणि जजसाहेबांनी त्याला कोर्टात न शोभणारे शब्द वापरले. ताईचा खोका आता दवाखान्यातच असायचा; त्यातली एक कॅसेट घालून बाईंनी टेप लावला. जजसाहेब वाजवू लागले. ठेका पहिल्या दोन गाण्यांत चुकला, तिसऱ्यात सापडला. बाई कधी नव्हे त्या गप्प बसून पाय हलवत होत्या.

"आता माझीही एक लावा," मावशी अचानक म्हणाल्या. "त्या खोक्यात आहे. ती बाई, आधी ड्रम वाजवत गायची, मग तिला पुढे उभं केलं."

कॅरन कार्पेंटर. जजसाहेबांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. इतकी वर्षं मावशी हे आवाज नाइलाजाने ऐकतात असंच बाई धरून चालल्या होत्या.

"तुम्हाला आवडते?"

"दुपारी तुम्ही वामकुक्षी घेता तेव्हा मी हीच लावते. हिच्या आवाजात सगळा दिवस खाली बसल्यासारखा वाटतो." मग मावशींनी विचारलं, "हिचे दात कसे होते?"

बाईंनी पुष्कळ विचार केला. "मावशी, खरं सांगू? कधी लक्षच गेलं नाही."

बाईंनी मावशींची कॅसेट लावली, तेवढ्यात बंद दुकानात हिशेब करत बसलेला खालचा बूटवाला वर आला. त्याच्या फळीवरचे खोके तालावर पुढे सरकत सरकत खाली पडले होते. बाई माफी मागणार, तोच तो दारात टेकून ऐकू लागला. गाणं संपल्यावर म्हणाला, "वर नको. खाली या. रविवारी दुकान बंद असतं, आणि खोक्यांच्या भिंतीत आवाज मुरतो. खोके मी जमिनीवर लावून ठेवीन."

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार बुटांच्या दुकानात साजरा होऊ लागला. कुणी एक जण गेलेल्या एकाबद्दल बोलायचा, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, आणि मग गाणं. बाईंना हा नियम जड गेला, पण त्यांनी पाळला. आता काही पेशंटही येतात. ताई आली होती तेव्हा तिने दोन तास हक्काने खुर्ची अडवली, सगळ्यांना जुन्या कॅसेटींचा इतिहास ऐकवला आणि जाताना एक जोडी सँडल घेऊन गेली.