दुरडीला लागलेली कीड

आमच्याकडं मोडकी टोपली एकटी येत न्हाय, मागनं तिचा किस्सा येतो. टोपली दुरुस्त होऊन घरी जाते, किस्सा ओसरीवरच राहतो. आता ओसरीत बांबू ठेवायला जागा न्हाय!

*

मंगळवार पेठेतला हिंदुराव कोंबड्यांचं डालगं घेऊन आला. बांबूतनं पिवळा भुसा गळत होता.

"कीड हाय. चुलीच्या धुरावर टांगून ठेव," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात भांडायलाच आला. "कीड गेली आबा, पण आता कोंबड्या आत जाईनात की!"

"चुलीवर काय शिजवत होतास?"

"पावणं आलतं. कोंबडीच की!"

*

मेथी वाटून कागदाच्या लगद्यात कालवायची आणि दुरडीच्या फटी लिंपायच्या, ही आमची जुनी रीत. शेजारच्या सुनंदानं लगदा कालवून ठेवला आणि बाजाराला गेली. नवऱ्यानं त्याची थालीपीठं लावली!

"अरे, कडू लागली न्हाईत व्हय?"

"लागली की! पण बायकोनं मळलेलं पीठ. नावं कोण ठेवणार?"

*

एक गडी तांदूळ धुवायची रोवळी रोज पत्र्यावर उन्हात टाकायचा. काड्या तडकल्या.

"सावलीत वाळवावी रे."

"आबा, आमी दिवसभर उन्हात, आणि रोवळीला सावली?"

चूक त्याचीच होती. पण मी रोवळी सावलीत ठेवली, आणि त्यालाही शेजारी बसवलं.

*

शिरोळची अक्का मात्र मनातनं जात न्हाय. जैन घरातली म्हातारी. आईची दुरडी पदराखाली धरून आलती. पुरात घर बुडालं, आईचं म्हणून एवढंच उरलेलं. त्यालाही कीड.

"धूर देऊ, वाचंल," मी म्हटलं.

"आणि आतल्या जिवांचं?"

"मरतील की, अक्का."

तिनं दुरडी माघारी ओढली. "मग नगं."

"अशीच ठेवली तर हिचं पीठ हुईल."

बराच वेळ काठावरनं बोट फिरवत बसली. डोळं भरलं. "आपणहून जातील तवा जातील. तवर तुमच्या सावलीत ठेवा, अण्णा."

अक्का गेल्यावर माझा पोरगा म्हणाला, "आबा, धूर देऊन टाका. तिला काय कळतंय!"

"तिला न्हाय, मला कळंल की."

अक्का अधनंमधनं एसटीनं यायची. दुरडीला कान लावायची. "कुरकुर हाय अजून," म्हणायची आणि जायची. दर खेपेला खाली भुसा पडलेला, दुरडी आणखी हलकी झालेली. मला वाटायचं, आता काय हाताला लागत न्हाय.

परवा तिनं कान लावला तर आवाज बंद. भुसाही न्हवता. काठ निम्मा खाल्लेला, पण बूड शाबूत! अक्का पहिल्यांदाच हसली. तिच्यासमोरच मी पोकळ काड्या काढल्या, नव्या घातल्या. मग भोकं बुजवाया लगदा घेतला, तर तिनं माझा हात धरला.

"भोकं तेवढी राहू द्या, अण्णा. आत एखादं निजलं असंल तर?"