वाळवंटाच्या विरोधात माझं भाषण

वाळवंटात फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवू नये, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी, म्हणजे भर वाळवंटात, एसीखाली बसून बनवलं होतं.

झालं असं, की सहावीतल्या आमच्या आर्याला शाळेच्या डिबेट टीममध्ये जायचं होतं. जागा चार, उमेदवार एकोणीस! निवड चाचणीचा विषय होता : कतारमध्ये वर्ल्ड कप भरवणं योग्य की अयोग्य? पोरीला झोपेत, जेवताना, दात घासताना तेवढंच दिसत होतं. आणि मी? मी तर विषय ऐकूनच बाह्या सरसावल्या! अहो, बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत मी वक्तृत्व स्पर्धेत सलग तीन वर्षं दुसरा आलो होतो. (पहिला येणारा हेडमास्तरांचा मुलगा होता. असो.) आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि लोकांसमोर तोंड उघडायचं धाडस मला त्या भाषणांनी दिलं. हे ऋण आता लेकीच्या रूपानं फेडायचं होतं!

"आर्या, तू काळजी करू नकोस. मी लिहितो, तू पाठ कर."

"बाबा, इट्स नॉट अ स्पीच. इट्स अ डिबेट."

"तेच ते!"

"नो! दोन्ही साइड्स प्रिपेअर करायच्या असतात."

"दोन्ही? माणसाला मत एकच असतं. दोन मतं असणाऱ्याला आमच्याकडे पुढारी म्हणतात!"

भाषण जबरदस्त झालं. 'सन्माननीय परीक्षक, आदरणीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' हे सगळं इंग्रजीत! पुढे मुद्दे : जीवघेणी उष्णता, उघड्या आकाशाखाली एसी लावलेली स्टेडियम्स, आणि ती उन्हात बांधणारे परदेशी मजूर. हा शेवटचा मुद्दा मी अगदी मनापासून लिहिला. माझे वडील गवंडी. त्यांनी बांधलेल्या बंगल्यात त्यांना नंतर कोणी चहालाही बोलावलं नाही.

मग हातवारे बसवले. 'उष्णता' म्हटलं की हात कपाळाला. 'अन्याय' म्हटलं की मूठ टेबलावर. तिसऱ्या दिवशी टेबलावरचं वरण सांडलं, तेव्हा मीनल, म्हणजे माझी बायको, किचनमधून ओरडली, "अरे, ती डिबेटला चाललीय की मोर्चाला?"

चाचणीचा दिवस उजाडला. आम्ही पालक मागच्या रांगेत. मी तर इतका एक्साइट झालो होतो, की आर्याबरोबर माझेही ओठ हलायला लागले होते. एवढ्यात डिबेटच्या मॅडमनी खिशातून नाणं काढलं, उडवलं आणि म्हणाल्या, "आर्या, तू बाजूनं बोलायचं. वर्ल्ड कप तिथेच व्हायला हवा!"

मी ताडकन उभा राहिलो. "एक्स्क्यूज मी मॅडम! शी हॅज प्रिपेअर्ड अगेन्स्ट!"

अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मीनलनं माझा शर्ट खाली ओढला. "बस!"

"अगं पण..."

"बस म्हणते ना!"

बसलो. आर्या माइकपाशी गेली. दहा सेकंद... वीस सेकंद... शब्द नाही. सवयीनं तिचा हात तेवढा कपाळाला गेला. कोणीतरी फिसकन हसलं. पोरीची जागा गेली, आणि घालवली कोणी? मी!

मग तिनं मला शोधलं. कपाळावरचा हात खाली आला आणि बोट थेट माझ्यावर!

"ते माझे बाबा," ती इंग्रजीत म्हणाली. "ते म्हणतात, वाळवंटात खेळणं अशक्य आहे. आम्ही वाळवंटात राहतो. ते जूनमध्ये दर रविवारी क्रिकेट खेळतात. मग घरी येऊन तासभर किचनच्या फरशीवर पडून राहतात. त्यांच्यावर अजून कोणी बंदी घातलेली नाही!"

हॉल फुटला! एक परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होत्या. आर्याला चेव आला. कचऱ्याचा डबा उन्हात बाहेर ठेवायला जाताना मी घालतो ती खास टोपी, चोवीस तास चालणारा आमचा एसी... घरातलं एकही गुपित तिनं शिल्लक ठेवलं नाही.

तेवढ्यात समोरच्या मुलानं विचारलं, "आणि मजुरांचं काय?"

ती हळूच म्हणाली, "माझे आजोबा गवंडी आहेत. त्यांनी बांधलेल्या घरात त्यांना कोणी बोलावलं नाही. तो अन्याय खरा आहे. पण मॅच रद्द करून त्यांना काय मिळणार? मॅच होऊ दे, सगळं जग बघू दे, आणि पहिल्या रांगेत ज्यांनी बांधलं त्यांना बसवा."

हे माझ्या भाषणात नव्हतं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. (पालकांना सक्त मनाई होती.) शेजारी बघतो तर मीनलही उभी!

शुक्रवारी ई-मेल आली. आर्या टीममध्ये! मी गॅरेजमध्ये अक्षरशः नाचलो. "आपण सिलेक्ट झालो!"

"बाबा, आपण म्हणजे कोण?"

"तुझंही नाव आहे रे यात," मीनल फोनवर बोट सरकवत म्हणाली. माझी छाती फुगली. मार्गदर्शक? पाहुणा परीक्षक? तिनं वाचून दाखवलं : "आर्याचे वडील. स्पर्धेच्या दिवशी पार्किंगमध्ये गाड्या लावून घेणं. स्पर्धा संपेपर्यंत हॉलमध्ये येऊ नये."

मी ताबडतोब होकार कळवला, आणि मग गावी फोन करून वडिलांना सांगितलं, की अमेरिकन शाळेनं मला कमिटीवर घेतलंय!