खालच्या रस्त्यानं आलेली वायर

इंटरनेटची वायर कुठून कुठे न्यायची, याचे नकाशे काढायचं काम मी लोअर परळच्या एका ऑफिसात करते. घर भोईवाड्याच्या चाळीत, गाव तळकोकणात. गावात मोबाइलला रेंज हवी तर कातळावर चढून उभं राहावं लागायचं.

एकदा गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. बसचे निवृत्त कंडक्टर. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय, पुढे वाड्यांवर न्यायचंय, तालुक्याच्या केबलवाल्यानं नकाशा दिलाय. रविवारी चिंचपोकळीला येऊन बघशील का, म्हणाले.

आई भांडी लावत होती. "मंडळानं इतक्या वर्षांत आपल्याला कधी सभेला बोलावलं नाही. आज काम पडलं."

"मग नको जाऊ?"

"जा ना. पण तुला जेवढं येतं तेवढं सगळं बोल. हातचं राखून बोलू नकोस."

सेक्रेटरींच्या खोलीत वरच्या वाडीतली दहा-बारा माणसं बसली होती. त्यांनी कागद पुढे केला. "ह्यो नकाशो बघ आणि सांग, बरोबर असा काय."

वायर ग्रामपंचायतीपासून निघून डोंगर चढत होती आणि देवळावरून वरच्या वाडीत जाऊन संपत होती. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या टोकाला. नकाशात तिच्यावर 'खालची वाडी' एवढंच लिहिलेलं, आणि तिथे वायर नव्हती.

"इथे का नाही?" मी विचारलं.

खिडकीजवळचे एक जण म्हणाले, "ती वाडी मागसून बघू."

तिथेच भांडावंसं वाटलं. पण समोर होता तो नकाशा, आणि नकाशातलं त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"वाडीचं क्षणभर बाजूला ठेवू," मी म्हणाले. "ह्या डोंगरावर विजेचे खांब किती?"

"एकय नाय," सेक्रेटरी म्हणाले.

"मग खणणार? सगळा जांभ्याचा कातळ आहे. खालच्या रस्त्यानं खांब थेट आमच्या वाडीपर्यंत आहेत आणि तिथून वळून तुमच्याकडे जातात. वायर त्यांच्यावरून न्या. वायरीचे फाटे जिथून निघतात ती मधली पेटी आमच्या विहारात बसवा. छप्पर पक्कं आहे, लाइट आहे."

"म्हणजे आधी तुमच्याकडे येतली?" खिडकीजवळचे काका म्हणाले.

"हो. खांब तसेच आहेत. आणि विहारात पेटी बसवायची तर वाडीच्या पंचांना विचारावं लागेल. ते मंडळानं पत्र लिहून विचारायचं. मी मध्ये पडणार नाही."

सेक्रेटरींनी नकाशातल्या खालच्या रस्त्यावरून बोट फिरवलं. कंडक्टरकी केलेला माणूस. रस्त्याचं वळण त्यांना लगेच कळलं असणार. म्हणाले, "पत्र मी लिहितंय."

पंचांनी पत्र एकदा परत पाठवलं. वाडीचं नाव नीट लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं. सेक्रेटरींनी 'बौद्धवाडी' लिहून दुसरं पत्र केलं आणि ते द्यायला स्वतः गावी गेले. मला हे वाडीतल्या आत्येनं सांगितलं. विहाराची चावी तिच्याकडे असते.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. खांब होतेच, त्यामुळे फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी मी ऑफिसात डबा उघडला आणि व्हिडिओ कॉल आला. विहारात सतरंजीवर सेक्रेटरी बसले होते, हातात चहाचा कप.

"चित्र नीट दिसता?"

"एकदम स्वच्छ, काका."

"वरच्या वाडीत पण परवा चालू झाला. खालच्या रस्त्याचा तुझा म्हणणा बरोबर होता," असं म्हणून त्यांनी फोन आत्येच्या हातात दिला.

आत्येला बोलायचं असं काही नव्हतं. तिला दाखवायचं होतं. विहाराची रंगवलेली भिंत, बाहेर सुकत घातलेलं भात, काजूला आलेली नवी पालवी. अंगणाच्या कडेला गेली की चित्र थांबायचं. मग ती दोन पावलं मागे यायची आणि विचारायची, "आता दिसतंय?" आणि मी डबा तसाच ठेवून म्हणत होते, "दिसतंय. अजून दाखव."