पेटीचं सोयर

समस्त वसईकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या परसातल्या मधमाश्यांच्या राज्याची फाळणी माझ्या हस्ते पार पडली आहे.

पेटी माश्यांनी गच्च भरली होती, म्हणून मी पोळ्यांच्या अर्ध्या चौकटी उचलून दुसऱ्या पेटीत ठेवल्या. राणी जुन्या पेटीतच राहिली. नव्या पेटीतल्यांनी आपल्याजवळच्या ताज्या अंड्यांतून राणी वाढवायची. नाही जमलं, तर एक-दोन महिन्यांत पेटी ओस.

माश्या लगेच कामाला लागल्या. पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी दोन राणीघरं लोंबू लागली. इथे मी माती खाल्ली. आमच्या आळीत घरात काही नवं आलं की चार जणांना दाखवल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. लोक चहाला यायचे आणि मी जाळीचा बुरखा चढवून, नाटकाचा पडदा वर जावा तसं झाकण उघडायचे. चौथ्या प्रयोगाला चौकट शेजारच्या चौकटीला घासली आणि एक राणीघर चिरडलं. टाळ्या पडल्या नाहीत.

उरलं एक.

शेजारच्या काकींनी, ज्यांची हयात भातशेतीत गेली, कुंपणापलीकडून निकाल दिला, "बालंतिनीच्या खोलीत कोन जत्रा भरवतं गो? बारा दिवस सोयर पाल. पेटीला हात लावशील तर बघ!"

"काकी, माश्यांना कसलं सोयर?"

"मान्सांना हाय ना? मग गप ऱ्हा."

पाहुण्यांना काकी फाटकावरूनच परतवू लागल्या. तेराव्या दिवशी मी पेटी उघडली. राणीघराचं टोक डबीच्या झाकणासारखं उघडलेलं, आणि आत माश्यांच्या गर्दीत एक लांबसडक तरुण राणी.

पण आता तिने बाहेर उडून, हवेतच नरांशी जुळून परत यायला हवं होतं, तरच ती अंडी घालणार. आणि समोरच्या विजेच्या तारेवर वेडे राघू रांगेत बसलेले, माश्या टिपत. एकाने तिला टिपलं की खेळ संपला. दुसरी राणी करायला पेटीत कोवळी अंडी उरली नव्हती. काकी रोज दुपारी झोप मोडून तारेखाली उभ्या, हातात पत्र्याचा डबा आणि काठी.

दहा दिवसांनी मी चौकट उन्हाकडे धरली. घराघरात एकेक पांढरं अंडं, तांदळाच्या कणीहून बारीक. काकींनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि ओरडल्या,

"एवढी राखन केली मी, तरी मेली कवा लगीन करून आली गो?"