सुनावणीतला बंद माईक

पेणच्या रामवाडीत कान्हू म्हात्रेला सगळे कान्हू साऊंडवाला म्हणूनच ओळखत. हळदी असो, प्रचारसभा असो की गणपतीची मिरवणूक, टेम्पोत स्पीकर चढवून तो वेळेआधी हजर असायचा. सभा कोणाची, हे त्याने कधी विचारलं नाही. सकाळी एका पक्षाचा झेंडा आणि संध्याकाळी त्याच चौकात दुसऱ्याचा, असंही त्याने कितीदा पाहिलं होतं. आवाज फुटता कामा नये आणि स्पीकरमधून शिट्टी वाजता कामा नये, एवढंच त्याचं काम. बाकी बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या कानावरून वाऱ्यासारखे जात.

ती गॅसवाली कंपनी आली आणि हे बिघडलं.

जमिनीच्या पोटात, काळ्या कातळाच्याही खाली शेल नावाचा खडक आहे आणि त्यात गॅस अडकलाय, असं कंपनीचं म्हणणं होतं. पेण आणि रोह्याच्या मधल्या पट्ट्यात चाचणीच्या विहिरी खणायच्या होत्या. गावोगावी लोकांना समजावून सांगायला कंपनीने सुजयला नेमलं होतं. सुजय रोह्याकडचाच, शेतकऱ्याचा इंजिनीअर झालेला मुलगा. बोलायला मऊ. कान्हूला तो दादा म्हणे, आणि सभेनंतर केबल गुंडाळायलाही हात लावे.

गागोद्याला सभा झाली, मग गडबला, मग रोह्याला. पडद्यावर चित्र दिसे: खोल भोक, मग ते आडवं वळलेलं, मग वाळू आणि रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने आत सोडलेलं, खडकाला पडलेल्या चिरा आणि त्या चिरांतून वर येणारा गॅस. "तुमच्या विहिरींच्या पाण्याला धक्का लागणार नाही," असं सुजय सांगे. चार दिवसांनी त्याच गावात विरोधातल्या लोकांची सभा असे. पेणच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुरभीताई तिथे बोलत. भोकाभोवतीचं काँक्रीट तडकलं तर काय, वर आलेलं घाण पाणी खाडीत सोडलं तर काय, एवढं पाणी आणणार कुठून, असं त्या विचारत. माईक पुन्हा कान्हूचाच.

हा शेवटचा प्रश्न कान्हूच्या डोक्यातून जाईना. त्याचं मूळ गाव खाडीच्या अंगाला, खारेपाटात. तिथे होळी झाली की नळ कोरडे पडत आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसत. त्याची आईही तशीच बसायची. त्याला झोप लागेनाशी झाली. जेवताना पाण्याचा तांब्या उचलायचा आणि त्यात बघत राहायचा.

"तुमी दोन्हीकडचा आवाज लावता," बायको नमिता एकदा म्हणाली. "तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? आवाज बरोबर यायला पायजे."

"माणसाला कायतरी वाटतंच की."

तो बाहेर जाऊन टेम्पोचा टायर लाथेने तपासत बसला. टायरमध्ये हवा पुरेशी होती.

सरकारी जनसुनावणी रोह्याला झाली. मोठा मांडव, समोर टेबलामागे अधिकारी, बाजूला सुजय आणि कंपनीचे लोक. कान्हू त्याच्या मिक्सरपाशी कोपऱ्यात. लोकांसाठी मधोमध एक उभा माईक, टेबलावर वेगळे माईक. दुपारपर्यंत बरेच जण बोलले. काहींनी नोकऱ्या मागितल्या, काही ओरडून गेले. मग रांगेतून पुतळीमावशी पुढे आली.

ती कान्हूच्या गावची. त्याच्या बापाबरोबर मिठागरात राबलेली, अजूनही राबणारी. काळी, वाळलेली, पायाच्या भेगांत मिठाचा पांढरा थर. माईक तिच्या कपाळाच्या उंचीला होता. कान्हूने धावत जाऊन तो खाली केला, तर ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली.

"सायेब," तिने सुरुवात केली, "आमी मीठ पिकवतो. खारं पाणी आमाला चालतं, पन पोटात नाय चालत. आमचा बांध फुटला तर तो परत कसा घालायचा, ते आमाला ठाव हाय. तुमचा जमिनीच्या आतला बांध फुटला, तर तो कोन घालनार? आनि दुसरं असं की—"

"बाई, वेळ संपली. थोडक्यात आटपा," अधिकारी म्हणाले.

"आटपते की. दुसरं असं की, मागं खाडीत मासं मेलं तवा—"

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग सुजयकडे. सुजयने कान्हूकडे बघून हाताचा पंजा हळूच खाली केला. अशी खूण कान्हूने आयुष्यभर पाळली होती. लांबलेली भाषणं, दारू पिऊन गाणारा नवरदेवाचा मामा, सगळ्यांना त्याने असंच गप्प केलं होतं. बोटाने मिक्सरवरची तिच्या माईकची पट्टी खाली ओढली गेली. ओढल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं ते.

पुतळीमावशीचे ओठ हलत राहिले. मग ती थांबली, माईकवर बोटाने टकटक केलं, आणि टेबलाकडे न बघता थेट कोपऱ्याकडे वळली.

"कान्हू, लाईट गेली का रं?"

सगळ्या मांडवाची तोंडं त्याच्याकडे फिरली.

"व्हय," कान्हू म्हणाला.

"बरं," म्हणून ती तिथेच उभी राहिली, जणू लाईट यायची वाट बघत. तेवढ्यात टेबलावरच्या माईकमधून अधिकाऱ्यांचा आवाज घुमला, "पुढचे." मागच्या माणसाने तिला हलकेच बाजूला केलं. ती पदर सावरत मांडवाबाहेर निघून गेली.

त्यानंतर कान्हूला घरात बसवेना आणि दारातही उभं राहवेना. नमिता सुनावणीला आली होती, तिने सगळं पाहिलं होतं. ती एका शब्दाने काही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. शेवटी एका सकाळी टेम्पो काढून तो गावाला गेला. पुतळीमावशी मिठागरात मीठ ओढत होती. तो बांधावर उभा राहिला.

"मावशे, लाईट नव्हती गेली."

"म्हायती हाय. पंखे फिरत व्हते."

कान्हू बांधावरून खाली उतरला. "मग मला इचारलंस कशाला?"

"वाटलं, तू तरी खरं सांगशील."

तिचा आवाज चढला नव्हता. ती मीठ ओढत राहिली. त्याने विचारलं, "पुढं काय बोलनार व्हतीस?"

"मागं खाडीत मासं मेलं, तवा आमी बाया टोपल्या घेऊन फिरलो. हा म्हनला त्याच्याकडं जा, तो म्हनला आमचं काम नाय. मला एवढंच इचारायचं व्हतं, की उद्या पानी बिगडलं तर मी कोनाच्या दारात जाऊ? एका मानसाचं नाव सांगा. बस."

कान्हू तिथून सरळ पेणला सुरभीताईंकडे गेला. सुनावणीच्या कागदात 'सदर महिलेने आपले म्हणणे पूर्ण केले' असं लिहिलं गेल्याचं त्यांनी सांगितलं. त्याविरुद्ध त्या अलिबागला कलेक्टर कचेरीत तक्रार घेऊन निघाल्याच होत्या. कान्हू त्यांच्याबरोबर गेला आणि साहेबांपुढे हात बांधून म्हणाला, "माईक मी बंद केला. बाईंचं बोलनं अर्धं राहिलं."

संध्याकाळी सुजयचा फोन आला. "दादा, हे काय केलंत? मी बंद करा असं म्हटलं नव्हतं. नुसती खूण केली."

"व्हय. बंद मीच केला. तसंच सांगितलंय मी."

सुजयने फोन ठेवला.

कंपनीचं काम अर्थातच गेलं. पक्षांची कामंही गेली. साऊंडवाला बाहेर जाऊन बोलतो, हे कोणालाच परवडणारं नव्हतं. हळदी तेवढ्या उरल्या. नमिताने शेजारच्या बायकांबरोबर गणपतींच्या कारखान्यात रंगकाम धरलं. ती म्हणाली, "चालेल," आणि कान्हूला तेवढ्या एका शब्दाने जरा जेवण गेलं.

त्या तक्रारीवरून सुनावणी पुन्हा लागली, या वेळी पेणला. साऊंड अलिबागच्या माणसाचा. कान्हू पहिल्यांदाच लोकांत खुर्चीवर बसला, पण त्याचं लक्ष स्पीकरकडेच जात होतं. पुतळीमावशी उठली आणि तिने सगळं विचारलं, अगदी नावापर्यंत.

"संबंधित यंत्रणा योग्य ती दखल घेईल," अधिकारी म्हणाले.

"तिचं नाव काय?" मावशीने विचारलं. लोक हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी प्रश्न लिहून घ्यायला सांगितला आणि कंपनीने लेखी उत्तर द्यावं, असं म्हटलं.

मग कान्हूचं नाव पुकारलं गेलं. घाण पाण्याचं काय करणार, याचं कंपनीने गागोद्यात एक आणि गडबला वेगळंच उत्तर दिलेलं त्याने ऐकलं होतं. तेच सांगायचं ठरवून तो आला होता. पण माईकपुढे गेल्यावर मांडव गरगरायला लागला. "मी सगळ्या सभा ऐकल्यात," तो म्हणाला. "सगळ्या. आनि मला... मला भरवसा वाटत नाय." एवढंच बोलून तो खाली आला.

"घाईत बोललात," नमिता म्हणाली. "पन कळलं."

पुढे पावसाळा गेला. कंपनीचं रोह्यातलं ऑफिस बंद दिसू लागलं. कोणी म्हणे परवानगी अडकली, कोणी म्हणे खाली गॅसच नाही, कोणी म्हणे निवडणुकीनंतर परत येतील. पुतळीमावशीच्या प्रश्नाचं लेखी उत्तर आलं की नाही, हे सुरभीताईंनाही शोधून सापडलं नाही. रस्त्यावर जड ट्रकचा आवाज आला की कान्हू अजूनही बाहेर येऊन बघतो.

भात कापून झाल्यावर तो गडबला सासऱ्यांकडे गेला. त्यांच्या शेतात कंपनीच्या सर्व्हेवाल्यांनी विहिरीसाठी ठोकलेल्या लाल खुंट्या तशाच होत्या. म्हातारा त्या चुकवून वाल पेरत होता.

"जावई, या उपटू का रं?"

कान्हूने रस्त्याकडे बघितलं, मग खुंट्यांकडे. "मलाबी ठाव नाय," तो म्हणाला, आणि वालाची टोपली उचलून म्हाताऱ्याच्या मागून चालू लागला.