जोड्यांच्या कपाटातल्या चकत्या

पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे आता धूसर झाले आहेत. पण तोक्योतलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, आणि त्यात तर साधी गोळीही सुटली नव्हती.

निवृत्तीच्या आधी काही काळ मी प्रतिनियुक्तीवर तिथल्या आपल्या दूतावासात सुरक्षा अधिकारी होतो. भारतीय माणूस अटकेत गेला की त्याला भेटायचं, घरच्यांना धीर द्यायचा, हेही काम माझ्याकडे असे. तपास मात्र तिथल्या पोलिसांचा. चौकशीच्या खोलीत मला खुर्ची मिळायची ती परवानगीनेच.

संबंधितांची नावं सांगत नाही. दोघंही पुण्यात एकाच कॉलेजात शिकलेले संगणक अभियंते. एकाला सातारकर म्हणू, दुसऱ्याला नगरकर. सातारकर तोयोसुच्या एका टॉवरमध्ये राहायचा, नगरकर उरायासुला. ऑफिस एकच.

एका सकाळी, तोयोसु ज्या कोतो विभागात येतं तिथल्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा इंग्रजीत बोलला. अमुक इमारतीत, अमुक फ्लॅटमध्ये, दारातल्या जोड्यांच्या कपाटात, खेळण्यातल्या पिस्तुलाच्या खोक्यामागे सायलेन्सर आणि त्याचे ‘वाइप्स’ आहेत. दुभाष्या बाईंनी ‘वाइप्स’चं भाषांतर ‘ओले टिश्यू’ असं केलं. त्यामुळे झडतीला गेलेल्या पोलिसांनी त्या घरातली ओल्या रुमालांची पाकिटंसुद्धा पंचनाम्यात घेतली. झडतीच्या वेळी सातारकर एकटाच घरी होता. बायको कामावर, मुलगी शाळेत.

कपाटात प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारं खेळण्यातलं पिस्तूल सापडलं. ते तिथे कायदेशीर आहे. सातारकर सुट्टीच्या दिवशी ऑफिसमधल्या जपानी मित्रांबरोबर तो लुटुपुटीच्या लढाईचा खेळ खेळायला जायचा. पिस्तुलाच्या तोंडाला लावायची, सायलेन्सरसारखी दिसणारी शोभेची नळीही सापडली, तीही चालते. अडचण तिसऱ्या वस्तूची होती. पारदर्शक पिशवीत जाड रबराच्या काही गोल चकत्या.

मी पुण्यात शस्त्रांच्या गुन्ह्यांवर काम केलेलं. फोटो बघताच ओळखल्या. सायलेन्सरच्या काही जुन्या प्रकारांत अशा चकत्या बसवतात. गोळी त्यांना भेदून जाते, थोड्याच वेळात त्या झिजतात आणि बदलाव्या लागतात. त्यांनाच ‘वाइप’ म्हणतात. अमेरिकेत अशी सुटी चकतीसुद्धा कायद्याने सायलेन्सरच मानली जाते, हे तिथल्या कितीतरी शौकिनांना पकडले गेल्यावर कळलं. आपल्याकडे आवाज दाबणारी जोडणी परवान्याशिवाय बाळगता येत नाही. जपानमध्ये परवानाधारक शिकाऱ्यालाही सायलेन्सरची मुभा नाही. पण नुसत्या चकतीचं काय? तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरांनी कायदा चाळला, वरिष्ठांना विचारलं. चकतीचं नाव कुठेच नव्हतं.

“नाव नाही, पण हेतू तर असेल,” ते मला म्हणाले. “खेळण्यातली गोळी यातून जाणारच नाही. चकती खऱ्या बंदुकीची असेल, तर ती बंदूक कुठे आहे?”

या एका प्रश्नावर सातारकर कोठडीत बसला. जपानमध्ये आरोप ठेवण्याआधीही माणसाला बरेच दिवस ठेवता येतं. घरच्यांच्या भेटीही बंद.

मी त्याला काचेपलीकडे पाहिलं. दाढी वाढलेली. “सर, नळी माझी आहे. पण ती रबरं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली,” एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता.

त्याची बायको मला भेटायला आली ती नगरकरला घेऊन. तिला जपानी जेमतेम यायचं. अटकेपासून ठाण्यात, वकिलाकडे, सगळीकडे तोच तिच्याबरोबर धावत होता. “भाऊजी नसते तर मी कोलमडले असते,” ती म्हणाली.

माणूस आत गेला की घरचे, मित्र एकच विचारतात, तो सुटणार कधी? नगरकर वेगळंच विचारत होता. “सर, सुटला तरी व्हिसा जाईल ना? कंपनी तर ठेवणारच नाही ना?” चेहऱ्यावर काळजी होती, पण प्रश्न सगळे एकाच बाजूला झुकलेले. तिथे मी पहिल्यांदा सावध झालो.

इन्स्पेक्टरांनी जप्त वस्तूंबद्दल बाहेर अवाक्षर काढलं नव्हतं. घरच्यांना फक्त ‘आक्षेपार्ह वस्तू’ एवढंच माहीत. मी इन्स्पेक्टरांची परवानगी घेतली आणि दुसऱ्या भेटीत सहज विषय काढला.

“वहिनी, फोन करणाऱ्याने तुमच्या घरात वाइप्स असल्याचं सांगितलं होतं म्हणे.”

ती गोंधळली. “वाइप्स? ते तर मी रोज मुलीच्या डब्याबरोबर देते. त्यासाठी अटक?”

“नाही हो वहिनी,” नगरकर पटकन म्हणाला. “ते वाइप्स नव्हेत. सायलेन्सरच्या आत रबरी चकत्या असतात. अमेरिकेत तर सुटी चकती बाळगणंही गुन्हा आहे.”

मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. “तुम्हालाही हा शौक दिसतो.”

“छे! मी खेळण्यातल्या पिस्तुलालाही कधी हात लावलेला नाही.”

बोलून झालं आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने ग्लास उचलला, पण तो पाणी प्यायला नाही. वहिनी अजून माझ्याकडेच बघत होती. तिच्या लक्षात काहीच आलं नव्हतं.

पुढचं काम इन्स्पेक्टरांनी केलं. परदेशातून ‘रबरी वॉशर’ म्हणून आलेलं पार्सल उरायासुच्या पत्त्यावर पोहोचल्याचं निघालं. नगरकरला बोलावलं. दुभाष्या बाईंपुढे तो बराच वेळ नाकारत राहिला. शेवटी म्हणाला, “मला मराठीत बोलायचंय.” मला आत घेतलं.

“विमानतळावर त्याला घ्यायला मी गेलो होतो सर,” तो खाली बघत म्हणाला. “कचरा कुठला कुठल्या पिशवीत, कुठली ट्रेन, सगळं मी शिकवलं. नोकरीसाठी शब्द मी टाकला. आणि तो माझाच टीम लीड झाला. ऑफिसात सगळे सल्ल्यासाठी त्याला हाक मारतात, मला नुसता निरोप पाठवतात.”

“एवढ्यावरून?”

“नाही. माझी मुलगी माझ्याशी मराठी बोलत नाही. मी काही विचारलं की जपानीत एका शब्दात उत्तर. आणि त्याच्या घरी गेली की काका, काका करत तासभर मराठीत गप्पा. घरी येताना बायको म्हणते, बघा, मुलांशी कसं बोलावं ते शिका जरा. मी तिथे सोफ्यावर बसून हसत होतो सर. दर रविवारी हसत होतो. चहा प्यायला जायचो तेव्हाच ती पिशवी ठेवली. वाटलं, त्याला परत पाठवतील. मग सगळं आधीसारखं होईल.”

इन्स्पेक्टरांनी भाषांतरासाठी माझ्याकडे पाहिलं. मला नेमका शब्द सापडेना. मी म्हणालो, “तो म्हणतोय, त्याला त्याचं घर परत हवं होतं.”

सातारकर सुटला. नगरकरवर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा लागला, नोकरी आणि व्हिसा दोन्ही गेली. जे त्याने मित्रासाठी मागितलं होतं, ते त्याच्या वाट्याला आलं. त्याची मुलगी जन्मल्यापासून तिथेच वाढलेली. कुटुंब परतल्यावर ती पुण्यात कशी रुजली, मला माहीत नाही.

सुटकेच्या दिवशी सातारकरला घरी सोडायला मी गाडी घेऊन गेलो होतो. अजून त्याला नगरकरबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. पट्टा लावता लावता तो म्हणाला, “सर, तुमचा फोन द्या ना जरा. त्याला कळवतो. बिचारा काळजीत असेल.”

मी फोन दिला नाही. तोयोसुपर्यंतच्या रस्त्यात सगळं सांगितलं. उतरताना तो एवढंच म्हणाला, “मला एकदा म्हणाला असता तर.”

त्यानंतर निनावी खबर वाचण्याची माझी पद्धत बदलली. वैऱ्याची खबर मोघम असते, त्याला फक्त नुकसान करायचं असतं. जळणाऱ्या माणसाची खबर अचूक असते. कोणतं कपाट, कोणता कप्पा, कोणत्या खोक्यामागे, सगळं त्याला ठाऊक असतं, कारण त्या घरात त्याला दार वाजवावं लागत नाही. म्हणून खबर जितकी नेमकी, तितकं मी आधी विचारायचो, या घरात चहाला कोण येतं?