तुसाची बॅटरी

माझी धाकटी बहीण जननी बॅटऱ्यांवर काम करते असं सांगितलं, की कुंभकोणमचे लोक तिच्याकडे बंद पडलेले टॉर्च घेऊन येतात. दोघांना तर मीच दारातून परत पाठवलं. बाई पीएचडी आहे, तंजावरच्या बाजूला एका विद्यापीठात पोस्टडॉक करते. भाताच्या तुसात सिलिका असते. त्यातून सिलिकॉन काढायचं आणि ते इतकं बारीक, इतकं सच्छिद्र ठेवायचं, की इलेक्ट्रोडमध्ये फुगलं तरी फुटू नये. एवढंच तिचं काम. एवढ्या कामातच हिने चौतिशी गाठली, असं आई म्हणते. मी म्हणत नाही, मला जननीची जीभ माहीत आहे.

तूस पापनाशम्‌च्या गिरणीतून मी स्कूटरवर आणतो. बँकेतला माणूस मागे पोतं बांधून चाललाय हे बघून आमची गिऱ्हाईकं हसतात. हसोत बापडी.

पहिलं पोतं पोंगलच्या तोंडावर आलं. प्रयोगशाळेला सुट्टी, म्हणून जननीने ते घरीच भिजवायचं ठरवलं. बाकीचे संशोधक तूस जहाल आम्लाने धुतात. मी नुसत्या पाण्याने करून दाखवते, हा तिचा सगळा तोरा. नुसत्या पाण्याने धू, असं आईला बजावून ती स्वामीमलैला मैत्रिणीकडे निघून गेली. आईने तूस भिजवलं, धुतलं, गच्चीवर वाळवलं. त्यातून झालेल्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या पाचशे वेळा चार्ज होऊनही थकल्या नाहीत! तिच्या शंकरनारायण सरांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना कॉफी पाजली, यावरून काय ते समजा.

शोधनिबंध लिहून झाला. पाठवण्याआधी एकदा पुन्हा करून दाखव, असं सर म्हणाले, आणि तिथून साडेसाती सुरू झाली. प्रयोगशाळेत धुतलेलं एकही पोतं तसं वागेना. साठ-सत्तर वेळा चार्ज केलं की बॅटरी मान टाकायची. ऑगस्टमध्ये समितीपुढे नवा निकाल दिसला नाही, तर निबंधही गेला आणि फेलोशिपही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं. जननीने भट्टी तपासली, सिलिकाचं सिलिकॉन करणारं मॅग्नेशियम बदललं, भाताचं वाण विचारून गिरणीवाल्याला भंडावून सोडलं. मग माझ्यावर आळ घेतला, की मीच पोतं बदललं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण ती अर्ध्या ताटावरून उठायला लागली, ते मात्र मला बघवेना.

जुलैच्या मध्यावर तमिळ आडी महिना लागला. शुक्रवारच्या पूजेसाठी आई पितळी समया घासत बसली होती. जननी शेजारी येऊन टेकली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिने आमच्या घरच्या तंजावरी मराठीत आईला विचारलं, "आई, पोंगलाला त्या तुसाचें तूं काय केलीस?"

आईचा हात थांबला. "तूं सांगितलीस तसेंच."

"नुस्तें पाणी?"

"घंगाळांत चिंच कोळून त्यांत भिजविलें," आई खालच्या आवाजात म्हणाली. "गिरणीची घाण ती. सणाला घरांतलें सगळें चिंचेने धुतों, तेंच एक तसेंच ठेवूं? मग चार पाण्यांनी धुतलें की."

चिंचेतलं आम्ल सौम्य, पण तुसातलं पोटॅशियम काढायला पुरेसं. ते राहिलं, की भट्टीत सिलिका वितळून तिचे गोळे होतात आणि बारीकपणा संपतो. म्हणजे "नुसतं पाणी" हा तोराच खोटा होता.

"चिंच किती?"

"एक मूठ."

झालं! जननीने वजनकाटा आणला आणि आईकडून दहा वेळा मूठभर चिंच उचलून घेतली. दहा मुठींत तीन ग्रॅमचासुद्धा फरक पडला नाही. आई वैतागली, पण अकरावी मूठही तिने आपणहून मोजायला दिली. त्या प्रमाणाने नवं तूस धुतलं. समितीच्या दिवशी चार्जची दोनशे चाळिसावी फेरी चालू होती आणि बॅटरी ठणठणीत होती.

संध्याकाळी जननी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग, निकाल ऐकायला.

"समितींतल्या एकाने विचारलें," ती आईला म्हणाली, "तूस आईने धुतलें होतें, तर तिलाच आधीं कां विचारलीस नाहीं? मी खरें तें सांगितलें. तुज काय कळणार, असें वाटलें मज."

आता आई चिडणार, असं मला वाटलं. मी असतो तर चिडलो असतो.

आईने गॅस बारीक केला. लाडात आली की ती जननीला कण्णा म्हणते. "मजही तसेंच वाटलें, कण्णा. मज काय कळतें, म्हणून बोललें नाहीं. त्या बॅटऱ्या मरूं लागल्या, तेव्हां वाटलें, माझ्या चिंचेनेंच तुझें सगळें नासलें."

चार महिने बाई ते एकटीने पोटात ठेवून आम्हाला वाढत होती. जननी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला सांगू. फेलोशिप वर्षभर वाढली, हे आम्हाला जेवताना कळलं, तेही मी विचारलं म्हणून.